बेडकी, डबी आणि कानवाले मिस्त्री

"दार उलट्या बाजूनं उघडतं, एवढ्यावरून एखादी गाडी थोर ठरते का, बाबा?" चिमीनं वहीचं पान टेबलावर सरकवलं. "उलट ते दार म्हणजे घातच. चालत्या गाडीत कडी निसटली की वारा दार धरून ओढतो आणि माणूस रस्त्यावर. मी शिकायला येणाऱ्यांना फोटो दाखवून हेच सांगते."

"साठ वर्षांत कोण पडलं त्यातून?" मिस्त्रींनी विचारलं.

"वन्सं पडल्या होत्या," ओट्यापासून त्यांची बायको म्हणाली.

"मी पडले नव्हते," आत्या म्हणाली. "मी उतरत होते. गाडी थांबली नव्हती, एवढंच."

वहीच्या पानावर मधोमध रेघ होती. डावीकडे 'बेडकी', उजवीकडे 'डबी'. चिमी ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवायची आणि घरातलं भांडणसुद्धा रकाने आखल्याशिवाय तिला लढता येत नसे. वय छत्तीस. लग्न झालेलं नव्हतं. आत्याच्या मते तिनं केलं नाही, तिच्या मते जमलं नाही.

भांडणाला कारण घडलं होतं. घराला लागून मिस्त्रींची शेड. ती भाड्याची. मालकानं शेडचा मागचा अर्धा भाग परत मागितला होता. एक तारखेला तो मधोमध भिंत घालणार होता. उरलेल्या अर्ध्या भागात गिऱ्हाइकांच्या गाड्या लावून घरची एकच राहू शकत होती. आणि घरच्या दोन होत्या.

बेडकी साठीची. गोल नाक, फुगीर डोळ्यांसारखे दोन दिवे, इंजिन मागे आणि सामान ठेवायची जागा पुढे. वळताना दिव्याऐवजी दाराशेजारच्या फटीतून एक छोटा लाल हात बाहेर यायचा आणि वळून झाल्यावर बऱ्याचदा आत जायला विसरायचा. तिच्या इंजिनाला पाणी लागत नसे, वाऱ्यावरच गार व्हायचं. पत्रा इतका जाड की बोटानं टकटक केलं तर बोटच दुखेल. डबी चौतीस वर्षांची. चौकोनी, हलकी, इंजिन पुढे आडवं बसवलेलं. पत्रा असा की आत्यानं टेकून गप्पा मारल्या तर पोचा पडतो. पण किल्ली फिरवली की सुरू व्हायची, आणि बेडकीपेक्षा निम्म्या पेट्रोलमध्ये दुप्पट लांब न्यायची.

"लिही," मिस्त्री म्हणाले. "बेडकीचं कुठलंही काम दोन पान्यांत होतं. डबीचा एक बल्ब बदलायला बॅटरी काढावी लागते."

"लिहिलंय. आणि बेडकीचे सुटे भाग मिळत नाहीत, तेही लिहिलंय."

"मी बनवतो."

"तुम्ही बनवता. तुमच्यानंतर?"

"माझ्यानंतर बेडकी कशाला हवी?"

"बसायला ऐसपैस, हे लिहिलंस का?" आत्यानं विचारलं. "डबीत माझे गुडघे कानाला लागतात."

"आत्या, तो गाडीचा दोष नाही."

मिस्त्री हसले नाहीत. त्यांनी बोट उचललं. "खरी गोष्ट सांगतो. बेडकी बोलते. काही बिघडायचं असलं की महिनाभर आधी कुरकुर करते. हिच्या टायमिंगला साखळी आहे, ती सैल झाली की खडखडते, गल्लीला कळतं. डबीला रबरी पट्टा. मुकाट्यानं चालतो आणि मुकाट्यानं मरतो. मला मुकी गाडी नको."

"मुकी नाही, शांत आहे!" चिमी ओरडली. ती रागानं ओरडली असं नाही. शेडशेजारी जन्म गेल्यामुळे त्या घरात सगळेच ओरडून बोलत. त्यामुळेच ती गोष्ट इतके दिवस कुणाच्या लक्षात आली नव्हती. एक बायको सोडून.

मिस्त्रींना लोक 'कानवाले' म्हणत. तरुणपणी ज्या उस्तादांकडे ते शिकले, त्यांनी त्यांना एक फूटभर लांब स्क्रू ड्रायव्हर दिला होता, लाकडी मुठीचा. चालू इंजिनावर त्याचं टोक टेकवायचं, मूठ कानामागच्या हाडाला लावायची आणि ऐकायचं. टोक इंचभर सरकवलं की आवाज बदलतो. कुठलं बेअरिंग खरखरतंय, कुठला व्हॉल्व्ह नीट बसत नाही, सगळं ऐकू येतं. उस्तादांचा दुसरा धडा असा, की जो भाग तक्रार करत नाही त्याला हात लावायचा नाही. लोकांचे चांगले भाग काढून नवे घालणारा मिस्त्री म्हणजे चोर. या दोन धड्यांवर त्यांनी चव्वेचाळीस वर्षं काढली. दुसऱ्या गॅरेजांनी हात टेकलेल्या गाड्या त्यांच्याकडे यायच्या. ते इंजिन सुरू करायला सांगायचे, डोळे मिटायचे, आणि पाच मिनिटांत बोट ठेवायचे. बोट ठेवलं तिथंच बिघाड.

बेडकी त्यांच्याकडे ते तेवीस वर्षांचे असताना आली. एक डॉक्टर गाव सोडून जाताना तिला झाडाखाली सोडून गेला होता. ती त्यांनी कानानं बरी केली. बायको लग्न होऊन त्याच गाडीतून घरी आली, चिमीला दवाखान्यातून त्याच गाडीतून आणलं. डबी नंतरची. एका शिक्षकानं विकली. चिमी तिच्यावरच शिकली, तिच्यावरच तिनं पहिल्यांदा गेट तोडलं.

शेजारच्या पत्र्याच्या दुकानात रोज आठ तास हातोडे पडत. शेडमध्ये ग्राइंडर. कान एकदम गेले नाहीत. आधी पक्षी गेले. मग कुकरची शिट्टी, मग दाराची घंटा. बारीक, उंच आवाज आधी जातात. जड, खोल आवाज मागे राहतात. बेडकीचं धडधडणं त्यांना अजून यायचं. डबीचं शिवणयंत्रासारखं गुणगुणणं दोन वर्षांपूर्वीच बंद झालं होतं. त्यांना वाटत होतं डबी मुकी आहे, असं नाही. त्यांना सगळं ठाऊक होतं.

बायकोला कळलं ते मुठीवरून. लाकडी मुठीवर दातांचे वण होते. कानाला लावून काही येईना, तेव्हा मिस्त्री मूठ दातांत धरू लागले. दातांतून कवटीत थोडं पोचायचं. गिऱ्हाइकांना सांगायचे, ही उस्तादांची शेवटची युक्ती, कुणाला शिकवली नाही. गिऱ्हाइकं माना डोलवायची. पुढे एकदा नटांच्या डब्यात तळाशी तिला कानात घालायचं छोटं यंत्र सापडलं, कापसात गुंडाळलेलं. ते घालून ते एकच दिवस शेडमध्ये गेले होते. पाना पडला की थोबाडीत बसल्यासारखं व्हायचं, आणि इंजिनाचे सगळे आवाज एकाच उंचीचे, एकमेकांत कालवलेले. तिनं ते यंत्र होतं तसं ठेवलं आणि वर नट पसरले.

त्यानंतर त्या दोघांत एक पद्धत पडली. बोलून ठरलेली नाही. इंजिन सुरू झालं की बायको हात पुसायचं फडकं घेऊन शेजारी येऊन उभी राहायची. मिस्त्री टोक टेकवून तिच्याकडे बघायचे. तिला काही वावगं ऐकू आलं तर ती फडकं झटकायची. नाही आलं तर घडी घालायची. झटकलं की मिस्त्री बोटांनी, हाताच्या तळव्यांनी चाचपून बिघाड शोधायचे. दोन वर्षं हे चाललं. आत्या म्हणायची, "म्हातारपणी नवऱ्याच्या मागे मागे फिरते बघा, फडकं घेऊन." बायको म्हणायची, "फिरायला दुसरं कुणी नाही, वन्सं."

"असं करू," चिमी म्हणाली. "आज रविवार. दोन्ही गाड्या एकाच रस्त्यानं नेऊ. वर पाण्याच्या टाकीपर्यंत बेडकी, बाबा चालवतील. परत येऊ. मग डबी, मी चालवीन. सगळेजण बसा. नंतर मतं घेऊ."

"माझी दोन मतं," आत्या म्हणाली. "माझ्या गुडघ्यांचं वेगळं."

बायको स्वयंपाकघरात टाकीपाशी न्यायचे खाण्याचे डबे भरत होती, म्हणून मिस्त्री एकटेच शेडमध्ये गेले. दोन्ही गाड्या सुरू केल्या. बेडकीवर त्यांना वेळ लागला नाही. डबीवर टोक ठेवलं, मूठ दातांत धरली. समोर फडकं नव्हतं. महिन्याभरापूर्वी त्यांनी डबीचा टायमिंगचा, म्हणजे व्हॉल्व्हची वेळेवर उघडझाप करणारा, पट्टा नवा घातला होता. त्याच पट्ट्यावर पाण्याचा पंप फिरतो; शहाणा माणूस पट्ट्याबरोबर पंपही बदलतो. पण पंपानं तक्रार केली नव्हती, म्हणून त्यांनी त्याला हात लावला नव्हता. आताही तक्रार ऐकू आली नाही. त्यांनी बॉनेट लावलं आणि दारातून ओरडून सांगितलं, "दोन्ही मक्खन!"

बेडकी चढावर छान गेली, म्हणजे धापा टाकत. मध्ये एकदा तिचा सूर उतरला. मिस्त्रींनी गिअर खाली घेतला, चोक केसभर ओढला आणि ती सावरली. चिमीलाही ते आवडलं. टाकीपाशी पोचल्यावर लाल हात बाहेरच राहिला. आत्यानं उतरून तो दाबून आत घातला आणि म्हणाली, "बघा, टाटा करत होती." परत खाली आले. मग डबी. चिमीनं किल्ली फिरवली, गाडी लगेच सुरू झाली आणि तिनं मान वळवून बापाकडे पाहिलं. ते काचेतून बाहेर बघत होते.

पहिल्या वळणावर आत्या म्हणाली, "कोण किंचाळतंय?"

"कोणी नाही. आवाज येतोय खरा," चिमी म्हणाली. मग बापाच्या खांद्याला हात लावून मोठ्यानं, "बाबा, पुढून चिरका आवाज येतोय. थांबवू का?"

मिस्त्रींनी मान तिरपी केली. मागच्या सीटवरून बायकोला त्यांचा चेहरा आरशात दिसत होता. तिच्या मांडीवर डबे होते. फडकं नव्हतं. असतं तरी मागून त्यांना दिसलं नसतं. ती पुढे वाकली, पण त्याआधीच ते म्हणाले, "काही नाही. पट्टा नवा आहे. रुळेल. चल."

कानवाल्यानं सांगितल्यावर चिमी कशाला थांबेल? ती गेली. चढ निम्मा उरला असताना चिरका आवाज एकदम थांबला. कडकन काहीतरी झालं आणि इंजिन बंद. गाडी उतारावर मागे यायला लागली. चिमीनं हँडब्रेक ओढला, आत्यानं सगळ्यांचे मिळून जेवढे देव आठवले तेवढ्यांची नावं घेतली. कुणाला काही लागलं नाही. खाली येताना सगळे चालत आले. डबे कुणी उघडले नाहीत.

सोमवारी डबी ओढून आणली. मिस्त्रींनी इंजिन उघडलं. संध्याकाळी चिमी कामावरून आली तेव्हा सगळं लाकडी फळीवर मांडलेलं होतं. पंपाचं बेअरिंग जाम झालेलं. त्यानं पट्टा तोडला. पट्टा तुटल्यावर पिस्टन वर आले आणि उघड्या व्हॉल्व्हवर आदळले. आठही व्हॉल्व्ह वाकलेले, पिस्टनांच्या डोक्यांवर नखानं कोरल्यासारख्या खुणा. बेडकीत असं होतच नाही. साखळी इतकी खडखडली असती की घरातून माणूस धावत गेला असता.

चिमीनं पंप हातात घेतला. चाक फिरवून पाहिलं, ते फिरलं नाही. "इतकं व्हायच्या आधी आठवडाभर तरी हा ओरडला असणार. रविवारी सकाळी ऐकलंत ना तुम्ही?"

"ऐकलं."

"आणि गाडीत? मी विचारलं तेव्हा?"

मिस्त्री हात पुसत राहिले. बायको दारात उभी होती.

"बाबा, जो आवाज आत्यालाही आला, तो तुम्हाला आला नाही असं मला सांगू नका. तुम्हाला! तुम्ही मुद्दाम केलंत. बेडकी राहावी म्हणून हिला मरू दिलंत."

त्या वेळी दोनच उत्तरं होती. मिस्त्रींनी फडकं खुंटीला लावलं.

"हो," ते म्हणाले. "मला ती नको होती."

चिमीनं पंप फळीवर ठेवला, अगदी हळू. खिशातून वहीचं पान काढलं, त्याची घडी केली आणि पंपाखाली दाबून ठेवली. "घ्या. बेडकी जिंकली."

बायकोनं तेव्हाच बोलायला हवं होतं. ती आत जाऊन भांडी विसळू लागली. आत्या तिच्याजवळ येऊन म्हणाली, "भाऊ लहानपणीही हट्टी होता, पण असा नव्हता गं. पोरीला उतारावर घालण्याइतका नव्हता." बायको म्हणाली, "पाणी जातंय वन्सं, नळ बंद करा." नळ तिच्याच हाताखाली होता.

मंगळवारी चिमी बापाशी बोलली नाही. बुधवारीही नाही. जेवताना ती मीठ आत्याकडून मागायची आणि ते त्यांच्या पुढ्यात असायचं. मिस्त्री बघून सरकवायचे. आपल्याला ऐकू येत नाही हे लोकांना कळण्यापेक्षा आपण नीच आहोत हे कळलेलं बरं, असा त्यांचा हिशेब होता. नीच माणसाकडेही लोक गाडी आणतात.

गुरुवारी सकाळी व्हॅनवाला आला. तो शाळेच्या मुलांना नेतो, वरच्या टाकीवरून पलीकडच्या वस्तीत. दहा-बारा मुलं, दिवसातून दोनदा तोच चढ. "मिस्त्री, पुढून काहीतरी गुणगुणतंय. मला वाटतं उगाच. तुम्ही एकदा कान लावा, म्हणजे मी मोकळा."

इंजिन सुरू झालं. बायको फडकं घेऊन आली. मिस्त्रींनी टोक टेकवलं, मूठ दातांत धरली, तिच्याकडे पाहिलं.

तिनं फडकं झटकलं.

त्यांनी टोक सरकवलं. पाहिलं. तिनं पुन्हा झटकलं. पंपावर. झटकलं. पट्ट्याच्या झाकणावर, डायनामोवर. ती प्रत्येक वेळी झटकतच होती. तिला आवाज येत होता, पण तो सगळीकडूनच येत होता. मिस्त्रींनी तळवा टेकवला. सगळं इंजिन सारखंच थरथरत होतं. बोटांनाही गेल्या वर्षीइतकं कळत नव्हतं. त्यांनी मूठ तोंडातून काढली आणि दोन वर्षांत पहिल्यांदा मोठ्यानं विचारलं, "तुला काय ऐकू येतंय?"

व्हॅनवाला दोघांकडे बघू लागला.

"आवाज," ती म्हणाली.

"कसला? बारीक आहे की घासल्यासारखा? थांबून थांबून की सलग?"

तिनं खरंच प्रयत्न केला. डोळेसुद्धा मिटले, त्यांच्यासारखे. "नुसता आवाज येतोय हो. मला काय कळतं कसला! मी काय उस्तादांकडे शिकले?"

इंजिन चालू होतं. मिस्त्रींनी वाकून किल्ली बंद केली.

"दुसरीकडे ने," ते व्हॅनवाल्याला म्हणाले. "आत्ताच ने. मुलांना आणायला जायच्या आधी. पंप काढून बघायला सांग. पट्टाही."

"म्हणजे पंपच आहे?"

"मला माहीत नाही."

व्हॅनवाला हसला, त्याला वाटलं मिस्त्री थट्टा करतात. मग हसणं आवरून व्हॅन घेऊन गेला. बायको फडक्याची घडी घालत होती. चार वेळा घातली, चार वेळा मोडली. "मी त्या दिवशी डबे भरत बसले नसते तर..." ती म्हणाली. मिस्त्रींची पाठ तिच्याकडे होती. ते वळले नाहीत. तिनं दुसऱ्यांदा म्हटलं नाही.

त्यांनी स्क्रू ड्रायव्हर भिंतीवरच्या जागी लावला. बेडकीच्या गोल नाकावरून हात फिरवला नाही, काही नाही. तिच्या बाजूनं चालत जाऊन शेडचं मागचं दार ओढून घेतलं. डबीचे वाकलेले व्हॉल्व्ह फळीवर तसेच होते, पंप आणि त्याखाली वहीचं पान. पान तेवढं त्यांनी उचललं.

आत चिमी निघायच्या तयारीत, एक पाय चपलेत. आत्या चहा बशीत ओतत होती. मिस्त्री टेबलापाशी बसले नाहीत. पान टेबलावर ठेवलं आणि सगळ्यांची तोंडं दिसतील असे भिंतीला टेकून उभे राहिले.

"रविवारी मी मुद्दाम काही केलं नाही," ते म्हणाले. "मला तो आवाज आलाच नाही. तुझ्या आईला ठाऊक आहे."

चिमीनं आईकडे पाहिलं. आई दारात फडकं घेऊन उभी होती.

"आलाच नाही म्हणजे? बाबा, कधीपासून?"

तिची मान वळलेली होती. त्यांना तिचे ओठ दिसले नाहीत, आणि ते पुढे बोलत राहिले.

"बेडकी पण जाईल, डबी पण जाईल. कोण विकत घेतंय ते तू विचार. आजपासून मी कुणाची गाडी घेणार नाही. मालकाला मी दुपारी सांगून येतो, भिंत घालायचं कारण नाही. एक तारखेला सगळी शेड सोडायची."